शीतघराची शिट्टी

"मामा, थांब! आज शिट्टी वाजली नाही!" भोपळ्या ओरडला. पण मामाने आत जाऊन दार केव्हाच ओढून घेतलं होतं.

विज्ञानाच्या चाचणीत भोपळा मिळाला, तेव्हापासून स्वारीचं नावच भोपळ्या पडलं होतं. सुट्टीत तो आणि त्याची ताई मामाकडे आले होते. मामा आइस्क्रीमच्या कारखान्यात शीतघर सांभाळायचा. शीतघराचं जाडजूड दार लागलं, की भिंतीत उंचावर असलेल्या भोकातून दर वेळी 'शूंऽऽई' अशी शिट्टी यायची. आणि आज? चिडीचूप!

"तुला काय करायचंय शिट्टीशी?" ताई म्हणाली. "मामा नव्या चवीचा डबा आणतोय, ते बघ!"

"बाबा आत्ता येतीलच," मामाची लेक चिमणी म्हणाली. "हा गेलो आणि हा आलो म्हणालेत. कोटसुद्धा घातला नाही."

इतक्यात आतून धपाधप आवाज आला. "अरे, दार उघडत नाहीये! मुकादमांना बोलवा!"

चिमणीने दांडा धरून जोर लावला. दार ढिम्म हललं नाही! ती धावत मुकादमांना घेऊन आली. दोन कामगारही आले.

"बिजागरी अडकली असणार. ओढा रे!" मुकादमांनी हुकूम सोडला. तिघांनी ओढून ओढून तोंडं लाल केली. व्यर्थ!

"मिस्तरीला बोलवतो. तासाभरात येईल," मुकादम म्हणाले.

"तासभर?" चिमणीला रडूच फुटलं. "बाबांचा कोट इथे खुंटीला आहे! ते आत गोठून जातील!"

भोपळ्या मात्र भोकाकडे टक लावून बघत होता. "ताई, गरम भाजीचा डबा गार झाल्यावर झाकण निघत नाही. तेव्हा आई काय करते?"

"हे काय विचारतोस आत्ता? चमच्याने कड उचलते. फुस्स होतं आणि..." ताईने डोळेच विस्फारले. "हवा!"

"तेच! माल ठेवायला सकाळपासून दार सताड उघडं होतं. बाहेरची गरम हवा आत गेली. दार लागलं, ती गार झाली आणि आतला दाब कमी झाला. आता बाहेरची हवा दाराला रेटून उभी आहे!"

"हवा कसली रेटतेय? काहीतरीच!" मुकादम हसले.

"एवढं मोठं दार आहे, काका. जरासा दाब कमी झाला तरी पैलवानांची फौज पाठ लावून बसल्यासारखं होतं. एरवी त्या भोकातून हवा आत जाते, तीच शिट्टी! आज भोक बंद आहे!"

सगळ्यांनी वर पाहिलं. भोकात एक फडका घट्ट कोंबलेला होता.

मुकादमांचा चेहरा पडला. "ते... गारवा वाया जातोय असं वाटलं. आणि त्या शिट्टीने डोकं उठायचं, म्हणून मीच..."

पुढचं ऐकायला थांबतंय कोण! ताईने रिकामे खोके एकावर एक रचून घट्ट धरले. भोपळ्या एका कामगाराकडची पक्कड घेऊन वर चढला.

"निघत नाहीये! हवा आत ओढतेय!"

"पिळून ओढ!" ताई खालून ओरडली.

फडका सुटला आणि... शूंऽऽऽऽई!

चिमणीने दांडा धरला. "अजून उघडत नाही रे!"

"थांब! शिट्टी संपू दे!"

शिट्टी बारीक झाली. थांबली. चिमणीने ओढलं, आणि तिघा बाप्यांना न हललेलं दार तिच्यासाठी अलगद उघडलं!

मामा कुडकुडत बाहेर आला. काखेत डबा तसाच होता! चिमणीने त्याला घट्ट मिठी मारली.

"आइस्क्रीम कुणाला हवंय?" त्याने दात वाजवत विचारलं.

"आधी चहा!" सगळे एका सुरात ओरडले. मग रडतारडताच चिमणी हसू लागली. हुश्श!

कोट पांघरून मामाने भोपळ्याला जवळ घेतलं. "कुणी दिला रे तुला भोपळा? आज तू नसतास तर माझं काही खरं नव्हतं!"

"शाबास, पोरा," मुकादम खालमानेने म्हणाले. "चूक माझी होती. माफ करा मला."

दुसऱ्या दिवशी मामा अंगात कोट घालून शीतघरात शिरला. दार लागलं. मुलांची बडबड चालूच होती.

"श्श!" मुकादमांनी हात वर केला आणि भिंतीकडे कान लावला.

शूंऽऽई!

"वाजली!" मुकादम म्हणाले आणि त्यांच्या जिवात जीव आला.