पाचव्या ग्लासातली बिअर

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून निघालेली एसटी संगमनेरच्या अलीकडं बंद पडली नसती, तर सुकन्या आणि अंगद एकाच जीपमध्ये खेटून बसलेच नसते. ती देवळाली प्रवराची, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. तो नगरजवळच्या एका छोट्या ब्रुअरीत बिअर बनवणारा. हे ऐकून पोरीनं नाक मुरडायचं, तर हिनं विचारलं, "हॉप्स कुठले वापरता?" झालं, गडी तिथंच गारद.

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं. त्यांची पिशवी टाकीत बुडवायची नि तीन दिवसांनी काढायची. अंगदला ती त्याच दिवशी काढायची होती. तरी तो सुकन्याबरोबर देवळालीला उतरला, चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी तिचा जीपमध्ये राहिलेला डबा द्यायला पुन्हा आला.

"आणि ती पिशवी?" तिनं विचारलं.

"राहील की... बिअर काय पळून जाती व्हय?" मग जरा थांबून म्हणाला, "ही पास झाली तर हितं कायम करतील. न्हाईतर गोव्याला मित्राकडं जायचं."

तीन आठवड्यांनी ब्रुअरीच्या मालकांनी चव घ्यायला तिघांना बोलावलं. पुण्यात बिअर-वाइनचा कोर्स केलेली म्हणून सुकन्याही त्यात होती. समोर सहा ग्लास, त्यांवर नुसते नंबर. पाचव्याला फेस छान, वास संत्र्याच्या सालीचा. तिनं घोट घेतला... आणि शेवटी जिभेवर ओल्या गवताची कच्ची चव आली, घशात कडू रेंगाळली. पिशवी जास्त राहिली होती. किती? दोन दिवस, फार तर. सुकन्याचे कान तापले.

एका परीक्षकाला पाचवी आवडली, दुसऱ्याला नाही. मालक म्हणाले, "मॅडम, आता तुमच्यावर."

हो म्हटलं की माणूस इथंच राहणार होता. आणि तिला तो हवा होता, सरळ सांगायचं तर फार हवा होता. तिनं पाण्याची चूळ भरली, पुन्हा चाखली. ओलं गवत ते ओलं गवतच.

"नापास," ती म्हणाली.

अंगद बाहेर तिच्या स्कूटीपाशी उभा होता.

"तुमी केली नापास?"

"हो."

"माझी हाय ते कळलं न्हवतं?"

"पहिल्याच घोटाला कळलं."

"तरीबी?"

"बिघडली होती, अंगद. माझ्यापायी बिघडली, म्हणून चांगली म्हणू?"

तो पायानं खडी उकरत राहिला. "मग मला जावं लागंल..."

"माहितेय." तिचा आवाज जरा हलला. "आज खोटं बोलले असते, तर पुढं तुम्ही 'कशी झाली?' विचारल्यावर माझं कशाला खरं मानाल? आणि मला ते जन्मभर विचारलेलं हवंय..."

अंगदनं मान वर केली.

"गोव्याची गाडी सोमवारची हाय," तो हळूच म्हणाला. "रविवारी घरी येऊ? तुमच्या वडलांना भेटाया?"

"या." तिनं स्कूटी चालू केली. "फक्त तुम्ही काय करता ते आधी मला घरी सांगू द्या. दादा माळकरी आहेत."

नोकरी गेल्याचं ऐकून न घाबरलेला अंगद आता मात्र घाबरला.