सहा खाचांची पट्टी

दारावर थाप पडली तेव्हा अक्का पाळणाघरातून धुवायला आणलेली दुपटी घडी करत बसली होती. तिने दार उघडलं आणि हातातलं दुपटं तसंच अर्धं घडी केलेलं राहिलं... समोर तिचा धाकटा भाऊ उभा होता! एकोणीस वर्षांत जो तिच्या घराची पायरी चढला नव्हता, रस्त्यात दिसली तर जो पलीकडच्या कडेने निघून जायचा, तो परवाना कचेरीतला मोठा साहेब काखेत एक जुनी धुळकट फाईल धरून तिच्या उंबऱ्याशी उभा होता. संध्याकाळच्या उतरत्या उजेडात त्याचा चेहरा आजारातून उठलेल्या माणसासारखा दिसत होता.

"आत ये म्हणणार नाहीस?" त्याने विचारलं.

ती बाजूला झाली. मनात एकच आलं... अर्ज फेटाळला. आता माझी मुलं गेली!

मुलं म्हणजे पाळणाघरातली अठरा पोरं. बारा वर्षं अक्का त्यांची आया होती. पहिली पोरं मिसरूड फुटून तिला ओळखही न देता जायला लागली होती, तरी नवी येतच होती. त्यातली सगळ्यात धाकटी, जेमतेम वर्षाची, अक्काच्या खांद्याशिवाय झोपायचीच नाही. आणि आता नवा नियम आला होता. लहान मुलांना हात लावणाऱ्या प्रत्येकाला परवाना हवा, आणि परवान्याआधी गुन्ह्याबिन्ह्याची चौकशी हवी. महिनाअखेर परवाना नाही, तर आया घरी! नियम चांगलाच होता. आपलं लेकरू कुणाच्या हाती देतोय हे आईबापांना कळायला नको? अक्कालाही ते पटत होतं, हीच तर पंचाईत होती.

'पूर्वी शिक्षा झाली आहे काय' या रकान्यात तिने खरं ते लिहिलं, 'होय'. पण यंत्रावर तिच्या बोटांचे ठसेच उमटेनात. दहा बोटं तीन वेळा ठेवून झाली, तरी यंत्र आपलं नन्नाचा पाढा वाचत राहिलं. बाटल्या, फरश्या, दुपटी... सोड्याच्या पाण्याने तिची बोटं गुळगुळीत करून टाकली होती. मग उरला एकच मार्ग, तळघरातली जुनी दप्तरं हाताने चाळायची. आणि त्या कागदावर सही करणारा साहेब कोण, तर तिच्या पाठचा भाऊ!

सगळ्या कचेरीदेखत तो तिला 'तुम्ही' म्हणाला होता. "बाई, अर्ज मागे घ्या. एका माणसासाठी दोन कारकून चार दिवस तळघरात बसवायचे, तो खर्च लोकांच्या खिशातून जातो. आणि सापडून सापडून सापडणार काय, ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाही."

पण डोळ्यांसमोर ती खांद्यावरची पोर आली, आणि जन्मात कुणाकडे काही न मागितलेली अक्का म्हणाली, "शोधा साहेब. फार जुन्या शिक्षेचा कागद वाचून माफी देता येते, असं नियमातच आहे. वाचून मग नाही म्हणा."

कारकुनांना त्याने पाठवलंच नाही. बहिणीची बेअब्रू चारचौघांनी वाचू नये म्हणून तो स्वतःच तळघरात उतरला होता, पाच दिवस.

आता त्याने फाईल तिच्यासमोर उघडली. पिवळ्या पडलेल्या कागदाला टाचलेली एक चिंचोळी पट्टी होती, एका कडेने खाचा कातरलेली. पूर्वी औषधाच्या बाटलीवर कंपाउंडर अशी पट्टी डकवत, एक खाच म्हणजे एक डोस. त्यांचे अप्पा कंपाउंडर होते. मूळव्याधीच्या मलमापासून खोकल्याच्या काढ्यापर्यंत सगळं ते हातानं करायचे, आणि थोरली लेक शेजारी बसून बाटल्या धुवायची, कधी पट्ट्या कातरायची. एका तापाच्या लेकराच्या बाटलीवर बारा खाचांऐवजी सहा पडल्या. प्रत्येक वेळी दुप्पट औषध गेलं, आणि ते लेकरू दगावलं... शिक्षा झाली ती अक्काला.

"ही पट्टी तूच कातरलीस असं तू जबाबात सांगितलंस," धाकटा म्हणाला.

"मीच कातरली."

त्याने खिशातून कात्री आणि कोऱ्या कागदाची पट्टी काढून तिच्यापुढे ठेवली. "मग काप. सहाच खाचा काप, अक्का."

किती वर्षांनी तो 'अक्का' म्हणाला! तिने कात्री उचलली. एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि कात्री उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. कात्री धड चालेना. कागद दुमडला, फाटला. तिने पुन्हा पट्टी सरळ केली, पुन्हा डाव्या हाताने जोर लावला. ओठ घट्ट मिटले, कपाळावर घाम आला... आणि तिचं ते धडपडणं पाहून तो ढसाढसा रडू लागला.

"पुरे गं! पुरे! अप्पा डावखुरे होते, त्यांच्या खाचा या पट्टीसारख्याच उलट्या बाजूला झुकायच्या. लहानपणी त्या कातरणांच्या करवती करून खेळलोय मी, मला कळणार नाही? अजून खोटं बोलतेस? आता कुणासाठी, अक्का?"

कात्री तिच्या मांडीवर पडली. इतकी वर्षं कोंडलेला हुंदका फुटला.

"त्यांना दिसत नव्हतं रे! डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि त्यांनी तो लपवला होता. त्यांचा परवाना गेला असता तर घर कशावर चाललं असतं? आईचं औषध, तुझं कॉलेज... मी म्हटलं, माझं काय, माझा एकटीचा जीव."

"आणि अप्पांनी तुला जाऊ दिलं?"

"त्या दिवसापासून कात्रीला हात लावला नाही त्यांनी. ते गेले तेव्हा मी उशाशी होते. बोटांवर बारा मोजायचे... पुन्हा पहिल्यापासून मोजायचे."

"आणि मी तुला अप्पांच्या नावाला काळिमा म्हणालो, आईच्या तेराव्याला दारातून परत पाठवलं..." त्याने तिचे हात हातात घेतले. जी बोटं यंत्राला दिसली नव्हती, ती त्याने डोळ्यांना लावली.

मग डोळे पुसून त्याने फाईलमधला शेवटचा कागद, त्याने स्वतः लिहिलेला अहवाल, दाखवला. अप्पांचं नाव, पट्टीची हकीकत, सगळं लिहिलं होतं. सख्ख्या बहिणीची फाईल आपण हाताळली, हेसुद्धा त्याने लपवलं नव्हतं.

"वेडा आहेस का?" ती घाबरून म्हणाली. "नोकरी जाईल तुझी! मी अर्जच मागे घेते, कुठेतरी फरश्या पुसेन..."

"एकदा घेतलं तुझ्याकडून. आता पुन्हा नाही घेणार." तो थांबला. "पण आता फाईल वरच्या साहेबांकडे जाईल, सुनावणीला सहा महिने लागतील. तोवर पाळणाघरात पाय ठेवता येणार नाही तुला."

सहा महिने! तेवढ्यात ती खांद्यावरची पोर चालायला लागेल, दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर झोपेल, आणि अक्काला विसरून जाईल. वर्षाच्या पोरीला दोष तरी काय द्यायचा? अक्काने होकारार्थी मान हलवली.

कागदाच्या तळाशी एक रकाना होता, 'शोधावर झालेला सार्वजनिक खर्च सार्थ ठरला काय?' धाकट्याने नोकरीभर तिथे डोळे झाकून 'नाही' लिहिलं होतं. आज तिथे त्याच्या अक्षरात 'होय' होतं, आणि शाई पाण्याने फुटली होती.

अक्काने त्या 'होय'वरून हलकेच बोट फिरवलं. मग वर अप्पांचं नाव वाचलं, आणि तिचा चेहरा पुन्हा कावराबावरा झाला.

"अप्पांना वाईट वाटेल रे."

"वाटू दे, अक्का. एकोणीस वर्षं तुला वाटलं."

तो उठला. तिचं अर्धवट राहिलेलं दुपटं जमिनीवरून उचलून त्याने दोन टोकं धरली आणि उरलेली दोन तिच्या हातात दिली.