पिवळ्या मफलरचं मुंगूस

जुन्या सामानाच्या दुकानात ती गेली होती टेबललँप बघायला. पण फळीवरच्या धुळीतून लाल मफलरवालं मुंगूस तिच्याकडे बघून हसलं आणि टेबललँप राहिला बाजूलाच. लहानपणच्या व्हिडिओ गेमची तीच कॅसेट, वर तेच चित्र. तिने हात पुढे केला, तोवर दुसऱ्याच कुणीतरी ती उचलली होती.

"मुंगूसराव…" तो उंच, चष्मेवाला माणूस स्वतःशीच पुटपुटला.

"तुमच्याकडेही मुंगूसरावच म्हणायचे?" तिच्या तोंडून निघून गेलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं – गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. कॅसेट मात्र सोडली नाही. पैसे देऊन मोकळा झाला. ती कसली ऐकतेय. ही घेऊन करणार काय, टीव्हीला जोडून कॅसेट खेळायचा डबा आहे का घरी, असं तिने त्याला सरळच विचारलं. डबा नव्हता. तिच्याकडे होता, दादाच्या माळ्यावरून नुकताच उतरवून आणलेला.

"म्हणजे तुमच्याशिवाय माझं चालायचं नाही," तो म्हणाला.

"सध्या तरी तसंच दिसतंय."

ती दातांची डॉक्टर. त्याचं चौकापलीकडे चष्म्याचं दुकान. शनिवारी संध्याकाळी त्याने शटर ओढल्यावर ती पिशवीत डबा घालून हजर झाली. मागच्या खोलीत, नंबर तपासायच्या तक्त्याखाली, जुना टीव्ही होता. कॅसेट काही चालेना, तशी दोघांनी एकदमच फुंकर मारायला तोंड पुढे केलं आणि डोक्यावर डोकं आपटलं. मग उगाचच दोघंही लाजली.

त्याने तिला दुसरा रिमोट दिला. तिने आधी वायर बोटांनी चाचपत थेट डब्यापर्यंत नेली, घट्ट बसवली आणि मगच ती खाली बसली.

"विश्वास नाही वाटतं माझ्यावर?"

मग तिने सांगितलं. लहानपणी सबंध सुट्टीभर ती दादाबरोबर जीव तोडून खेळली होती. बटणं दाबून दाबून अंगठे सुजायचे. मुंगूसरावांनी उडी मारली की ती टाळ्या पिटायची, माझी उडी, माझी उडी. आणि एक दिवस झाडू मारताना दिसलं, तिच्या रिमोटची वायर कधी जोडलेलीच नव्हती. दादाने हसण्यावारी नेलं. तिने मात्र तेव्हाच मनाशी पक्कं केलं, हा खेळ एकदा स्वतःच्या हाताने संपवायचाच.

 तो चष्मा पुसत म्हणाला, "माझ्या ताईने मला दिलेल्या रिमोटला तर वायरच नव्हती."

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

खेळ सुरू झाला. लाल मफलरवाले मुंगूसराव आले… आणि त्यांच्यामागून पिवळ्या मफलरचं आणखी एक मुंगूस धावत आलं. दोघंही बघतच राहिली. दुसरा रिमोट जोडला की दुसरं मुंगूस येतं, हे दोघांनाही जन्मात ठाऊक नव्हतं.

"ही तू," तो हळूच म्हणाला. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते कळलंच नाही.

मग दर शनिवार ठरून गेला. जंगल झालं, गुहा झाली, गाडी अडली ती शेवटच्या पुलावर. फळ्या निखळणारा पूल. एक मुंगूस पडलं की दोघांना पुन्हा सुरुवातीपासून. ती कशीबशी तोल सांभाळायची आणि तो नेमका त्याच फळीवरून कोसळायचा. "अरेरे" म्हणायचा आणि चहा टाकायला उठायचा.

दुखत नाही म्हणणाऱ्या पेशंटचे चेहरे ती रोज वाचत असे. त्या शनिवारी तिने टीव्ही सोडून त्याच्याकडेच पाहिलं. फळी यायच्या जरा आधी त्याचा अंगठा बटणावरून अलगद उठला.

तिने रिमोट खाली ठेवला. "तू मुद्दाम पडतोस."

त्याने नजर टीव्हीकडे वळवली.

"म्हणजे पुन्हा तेच. मी जीव तोडून खेळायचं आणि खेळ दुसऱ्याच कुणाच्या हातात." तिने वायर उपसली आणि गुंडाळायला घेतली.

"पूल ओलांडला की खेळ संपतो," तो म्हणाला. "खेळ संपला की तू डबा घेऊन जाणार. मग शनिवारी… मी काय करू?"

"हे तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"नव्हतं येत. आता सांगतो. मला तू आवडतेस. मुंगूस असो नसो."

तिचे कान तापले. राग अजून होता आणि रागाच्या खाली भलताच आनंद होता.

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "पण मला गंडवलेलं चालत नाही. प्रेमाने गंडवलेलंही नाही. आता नीट खेळ. आज संपवायचाच."

तिने वायर परत जोडली. मग दोघं खरोखरची पडली, पुन्हा पुन्हा पडली, एकमेकांवर खेकसली, हसली. आणि अखेर लाल मफलर पलीकडे पोचला, पाठोपाठ पिवळाही. दोन्ही मुंगसं एका दगडावर शेजारी शेजारी बसली. तिने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. माझी उडी, ती हळूच म्हणाली. त्याने तोच हात हातात घेतला.

निघताना ती रिकामी पिशवी खांद्याला अडकवून रस्त्यावर आली, तसा तो डबा घेऊन मागे धावत आला.

"अगं, हा विसरलीस."

"विसरले नाही," ती म्हणाली आणि मागे न बघता चालू लागली.