मामाला मार का बसला?

औषध देणारा रोबो खटपट्या गोळी तशीच घेऊन शाल्मलीच्या खोलीतून परत आला, तेव्हा भाऊआजोबा त्याला घेऊन तसेच तिच्याकडे धावले. ती तिसरीत असताना त्यांनी आपलं एक मूत्रपिंड (रक्त गाळणारा अवयव) तिला दिलं होतं. गोळी चुकली तर तिचं शरीर ते परकं समजून मोडून टाकणार. आजोबा याच विषयातले शास्त्रज्ञ, पण नातीसमोर त्यांची विद्या चालेना.

"आधी माझं कोडं सोडवा," शाल्मली गाल फुगवून म्हणाली. "ही गोळी माझ्या शरीरातल्या, रोगांशी लढणाऱ्या सैनिकांना झोपवते ना? मग त्यांनी गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कशी बिघडवली? कोपरांवर पांढरे डाग कसे पाडले? झोपलेला माणूस मारामारी करतो का?"

आजोबा खाटेवर टेकले आणि त्यांचं मन कुठच्या कुठे, वाघूर नदीकाठच्या गावी जाऊन पोचलं.

"माझ्या लहानपणी गावात चोरांची आवई उठली. झालं, माणसं काठ्या घेऊन गस्त घालू लागली. बरोबर राघोतात्या असायचे. ते नुसत्या चालीवरून माणूस ओळखायचे. 'थांबा रे, हा घरचाच,' म्हणाले की काठ्या खाली. काय दिवस होते गं ते! एकदा तात्या तापाने फणफणले. गस्तवालेही पेंगुळलेले. बाजाराहून घोंगडी पांघरून येणाऱ्या माझ्या मामाला त्यांनी असा बदडला, की बिचारा आठवडाभर हळद लावून बसला."

शाल्मलीला हसू फुटलं. "ओळखणारंच कोणी नव्हतं ना!"

"तेच तर. शरीरातही असे तात्या असतात, नियामक पेशी (सैनिकांना आवरणाऱ्या पेशी). गोळी कधीकधी त्यांनाही पेंगवते. मग अर्धवट जागे सैनिक घरच्यांवरच तुटून पडतात. हा स्वयंप्रतिकार आजार. एकदा घडी विस्कटली, की असे आजार जोडीनेही येतात. त्यांवर वेगळे उपचार आहेत."

"मग ही गोळी बंदच करू."

"तर सगळी गस्त जागी होईल, आणि माझं मूत्रपिंड तर खरोखरच पाहुणं. ते गेलं तर दुसरं द्यायला माझ्याकडे नाही गं, बयो."

शाल्मलीने विचारलं, "तात्यांना पाहुणा ओळखायला शिकवता येत नाही?"

"प्रयोगशाळेत तेच चाललंय. तुझ्याच रक्तातल्या नियामक पेशी वाढवायच्या, त्यांना माझ्या मूत्रपिंडाची ओळख करून द्यायची आणि परत तुझ्या शरीरात सोडायच्या. मोजक्या माणसांत जमलंय. तुझ्यापर्यंत यायला वेळ लागेल."

तिने खटपट्याच्या हातातली गोळी घेतली आणि पाण्याबरोबर गिळली.

"मला प्रयोगशाळेत न्या," ती म्हणाली. "तुमची ओळख मीच करून देईन. मला तुम्ही चांगले ठाऊक आहात."