शेवटच्या माणसाच्या मागे

दिवा राहू दे तसाच, बारीक. सकाळी साडेपाचला उठायचंय तुम्हाला, माहीत आहे मला. पण झोप कुणालाच येत नाहीये, आणि डोंगरातल्या त्या वाटेवर तुम्ही उद्या पहिल्यांदाच पळणार, म्हणून सांगतो. ऐकीव गोष्ट नाही ही. ज्याच्यावर बेतली तो माझा शाळेपासूनचा मित्र.

चष्म्याचं दुकान त्याचं. सत्तेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी रक्तातली साखर दाखवली तेव्हा पळायला लागला. पळायचा म्हणजे काय, गोगलगायीने मागून हॉर्न दिला असता! आम्ही त्याला शेपूट म्हणायचो. त्यालाही राग नव्हता. पुढे आमच्या क्लबने त्याला कामच तसं दिलं. रानातून पळताना एक माणूस मुद्दाम सगळ्यांच्या मागे असतो. वाट दाखवायला झाडांना बांधलेल्या फिती सोडत यायचं आणि कुणी दमून बसलं असेल तर त्याला घेऊन यायचं. त्याच्या मागे कुणी उरायचं नाही, एवढंच त्याचं काम. आणि ते तो जिवापाड करायचा.

पाच वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. दुसरा शनिवार. चौदा किलोमीटर होते, दुपारी साडेतीनला सुरुवात. अंधार पडायच्या आत सगळे परत, असा हिशेब. पण नवव्या किलोमीटरला एका शिक्षिकाबाईंचा पाय मुरगळला. आमच्या शेपटाने त्यांना खांद्याचा आधार देत डांबरी रस्त्यापर्यंत आणलं आणि क्लबच्या डॉक्टरांच्या गाडीत बसवलं.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हीही बसा. फिती उद्या काढू."

"पाचच किलोमीटर राहिलेत," तो म्हणाला. "उद्या परत कोण चढणार इथे? तुम्ही?"

हसला, आणि परत रानात शिरला. सव्वासहा वाजले होते. कपाळावर दिवा, पाठीवर फितींची पिशवी. निवांत होता अगदी. शीळ घालत चालला होता म्हणे.

साडेसहाला बायकोचा फोन आला. पळणं जिथे संपत होतं त्या शाळेच्या पटांगणात ती यादी घेऊन बसलेली.

"कुठवर आलात?"

"खाणीच्या वरच्या अंगाला. सगळे पोचले ना?"

"बेचाळीस पळत आले, एक गाडीतून आली. त्रेचाळीस झाले. आता फक्त तुम्ही. पाय उचला जरा, इथे आम्ही गारठलोय."

म्हणजे पाहा, रानात त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. यादी पुरी झाली होती.

दहा मिनिटांनी तो एक फीत सोडायला थांबला. तर मागे पाचोळा वाजला. दोन पावलं. मग गप्प.

त्याला वाटलं, जनावर असेल. पुन्हा चालायला लागला. मागचंही चालायला लागलं. हा थांबला. तेही थांबलं, पण एक पाऊल उशिरा. जनावर चार पायांवर चालतं, पोरांनो. हे दोन पायांवर होतं.

तुम्ही काय केलं असतंत? पळाला असतात. त्याचं तसं नव्हतं. मागे कुणी असेल तर थांबायचं, हीच त्याची नोकरी. तो वळून ओरडला, "कोण राहिलंय? या पुढे! मी थांबलोय!"

तो पुन्हा चालू लागला. मागची पावलंही.

असं तीनदा झालं. चौथ्यांदा आवाज आला.

"काका..."

मुलीचा आवाज. एकोणीस-वीसची असेल. धाप लागलेली. त्याची स्वतःची मुलगी तेवढीच, कॉलेजला परगावी.

"अगं, तू कशी मागे राहिलीस? लागलंय का कुठे? ये, ये पुढे. घाबरू नकोस, मी आहे."

"येते... पण काका, माझ्या मागे कुणीतरी आहे."

त्याने दिव्याचा झोत वाटेवर टाकला. वाट तिथे सरळ होती, तीस-चाळीस पावलं सहज दिसत होती. दोन्ही बाजूंना झाडं. पाचोळा. वाटेवर कुणी नाही. आणि आवाज आला होता दहा पावलांवरून.

"दिवा बंद करा ना, काका." आता ती रडकुंडीला आली होती. "त्यात त्याला दिसतंय."

त्याने दिवा बंद केला.

का केला, म्हणून मी त्याला नंतर पुष्कळदा विचारलं. म्हणायचा, ती इतकी भ्यालेली होती की मला दुसरं काही सुचलंच नाही रे.

मग काळोख. डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा. त्यात तिचा श्वास. भराभर, तुटक. जवळ येणारा. आणि त्या श्वासाच्या मागे... आणखी एक. संथ. अजिबात न दमलेला.

"हात दे मला," हा म्हणाला. हळू. जवळजवळ ओठांतच.

"देते... कुठंय तुमचा हात?"

"हा काय. इथे."

"दिसत नाहीये, काका."

"इथे गं... अजून पुढे ये. इथे..."

हात लांब करून उभा होता तो. बोटं पसरून. हाताला नुसती हवा लागत होती. थंड. एक पाऊल पुढे टाकावं म्हटलं, तर पाय उचलेना. तो संथ श्वास आता तिच्या श्वासात मिसळून गेला होता. कुठला तिचा, कुठला नाही, कळत नव्हतं.

दुसऱ्या हाताने त्याने खिशातला फोन काढला. अंगाशी झाकून धरला आणि बायकोला लावला. तिने लगेच उचलला.

"हॅलो? हॅलो... अहो, हे काय? एवढ्या मोठ्याने कोण रडतंय तिथे?"

त्याला रडणं ऐकू येत नव्हतं. त्याच्या आसपास शांत होतं सगळं. पानसुद्धा हलत नव्हतं.

फोन कट झाला.

आणि मग अगदी जवळून, त्याच्या खांद्याशी, ती म्हणाली, "काका... पळा."

"तू?"

त्याने खांद्याशी हात फिरवला.

"अगं, तू?"

...

तो पळाला.

दिवा लावला नाही. चष्मा फांदीला अडकून गेला, उचलला नाही. तीन किलोमीटर. उतार, दगड, मुळं. जन्मात कधी पळाला नव्हता तसा. मागे पावलं होती. दोघांची. एक हलकी. एक जड. ओढ्याजवळ दोन्ही अगदी पाठीला आली. झाडी संपायच्या जरा आधी... थांबली. दोन्ही एकदम.

त्याने मागे पाहिलं नाही.

पटांगणात येऊन तो आमच्या समोर गुडघ्यांवर कोसळला. "राहिली," एवढंच म्हणत होता. "मागे राहिली. मी आणली नाही."

कोण, ते सांगता येईना. आम्ही नऊ जण बॅटऱ्या घेऊन तेव्हाच निघालो. मीही होतो. तो सगळ्यांच्या पुढे. चष्मा नाही, धड दिसत नव्हतं, तरी ऐकेना. खाणीपासून ओढ्यापर्यंत आम्ही सगळं रान पालथं घातलं. हाका मारायच्या तर नाव ठाऊक नाही. तो नुसता ओरडायचा, "अगं ए... बाळा... मी आलोय गं..." तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मोठ्या माणसाने असं ओरडू नये.

काही सापडलं नाही. पोलिसांत विचारलं, वनरक्षकाला विचारलं, आजूबाजूच्या वस्त्यांवर फिरलो. कुणाची मुलगी हरवलेली नव्हती. त्या वर्षी नाही, त्याच्या आधीही नाही. त्या रात्रीचं सोडा, त्या वाटेवर कधी कुणाचं बरंवाईट झाल्याचंही कुणाला आठवेना.

तो वेडाबिडा झाला नाही. दुकान चालवतोय. पळणं तेवढं सुटलं. मला एकदा म्हणाला, "हात मी पुढे केला होता रे. पण मग तिच्याकडे पाठ केली, ती मीच."

दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने त्याचा शर्ट धुवायला घेतला. पळायचा, पातळ कापडाचा. मी पाहिलाय तो, हातात घेऊन. पुढून धड. मागची खालची कड मात्र वीतभर लांब ओढली गेलेली, आणि तिथे कापड एका जागी घट्ट चुरगळलेलं. लहानशी मूठ वळावी तेवढं. चार बोटांच्या घड्या एका बाजूला. अंगठ्याची एक, दुसऱ्या बाजूला.

पळताना त्याला काहीच जाणवलं नव्हतं.

तीनदा धुतला वहिनींनी. इस्त्री फिरवली. घड्या जात नाहीत.