पाठीवरच्या खुणा

किरणोपचाराच्या खोलीबाहेर बाकावर एकच जागा रिकामी होती आणि तिथे एका निवृत्त ग्रंथपालाची पुस्तकं बसली होती.

"ही मंडळी जरा सरकतील? की त्यांचाही नंबर लागलाय?" समोर उभ्या बाईने विचारलं.

ग्रंथपाल कानापर्यंत लाल झाला. त्याने पुस्तकं उचलली. त्याचा घसा बरा झाला होता, तो शेवटच्या तपासणीला आला होता. तिचा कर्करोग मणक्यात उतरला होता.

ती बायकांचे कपडे शिवायची. पाठीवर किरणांसाठी शाईच्या खुणा काढल्या, तेव्हा म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या पाठीवर खडू ओढला, ग्रंथपाल. आता माझं माप निघालं!"

तो हसला... आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग रोजच.

एका सकाळी तिची सून रडकुंडीला आलेली. "आई, खुणा धुवायच्या नाहीत म्हणून किती बजावलं होतं!"

"हाताची सवय गं. शिवून झालं की खुणा पुसायच्या."

डॉक्टरांनी समजावलं. खुणा नव्याने काढायच्या, म्हणजे त्या कडक फळीवर पुन्हा बराच वेळ निजणं आलं. आराम पडायला काही आठवडे लागतील. तेवढे हाताशी आहेत की नाहीत, सांगता येत नाही. नाहीतर हॉस्पिस. तिथे आजाराशी झुंजत नाहीत, फक्त दुखणं सांभाळतात.

"तुम्ही काय म्हणता?" तिने ग्रंथपालाला विचारलं. कपाळ घामाने डबडबलं होतं.

"किरण घ्या म्हटलं, तर तुम्ही रोज दिसाल..." तो अडखळला. "म्हणून मला विचारूच नका. मी आपमतलबी माणूस आहे."

"तरी?"

"तिकडे जा. फळीवर निजवताना तुम्ही ओरडता, ते दाराबाहेर ऐकू येतं."

ती हळूच म्हणाली, "तुमचा इथला नंबर केव्हाच संपलाय ना?"

"...हो."

"मग कशाला येता?"

"तुमच्यासाठी."

"वा! एवढी पुस्तकं वाचून एकच शब्द?" ती हसायला गेली आणि कळवळली. "मग चला सोबत. सून पुढे बसेल."

गाडीत तो तिच्याशेजारी बसला. हॉस्पिस गावाबाहेर होतं, रस्ता उखडलेला. प्रत्येक खड्ड्याला तिची बोटं त्याच्या हातात रुतत होती. हा रस्ता कधी संपूच नये, असं त्याला वाटे... आणि पुढचा खड्डा आला की वाटे, देवा, आता तरी संपव.