बहिणी : शून्य

उत्तमरावांच्या वधू-वर केंद्राचा प्रोग्राम मी लिहिला होता आणि मला त्याचा माज होता. हिंगोलीत बसस्टँडमागं, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत एक कॉम्प्युटर, आणि त्यात आमच्या समाजाची चार जिल्ह्यांतली स्थळं. उंची, शिक्षण, शेती, मामाचं गाव, भाऊ किती, बहिणी किती आणि प्रत्येकाचा फोटो. फोटोंनी मशीन इतकं जड झालं होतं, की एक स्थळ उघडेपर्यंत खालून चहा यायचा. २००८ साली उत्तमरावांच्या मनानं घेतलं, की पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या पोरांना ही स्थळं इंटरनेटवर दिसली पाहिजेत.

त्यांची बोटं जुन्याच प्रोग्रामला सरावलेली. म्हणून तो तसाच ठेवून मी मागं सर्व्हर जोडला. नवीन शिकलेलं एक फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा तयार सांगाडा होता, त्यात सर्व्हरकडचं काम लिहिलं. इकडून स्थळ पाठवायचं, तिकडं ते तपासून साठवलं जायचं आणि साठवलेली प्रत परत यायची. प्रत पडद्यावर दिसली की समजायचं, पोचलं.

चाचणीला पहिलं स्थळ माझ्या धाकट्या बहिणीचं, राधिकाचं घातलं. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचे लोक तिच्यासाठी आपणहून विचारत आले होते. मुलगा परमेश्वर पुण्यात कंपनीत होता. तो आधी इंटरनेटवर पान बघणार आणि मग हो म्हणणार. असं स्थळ आमच्या घरी पुन्हा चालून येणार नव्हतं. भाऊ एक, बहिणी शून्य, असं मी भरलं.

बहीण होती. मनकर्णा, माझ्याहून मोठी. आम्ही तिला अक्का म्हणायचो. तिच्या हातावर कोड उठलं, मग मानेवर, आणि येणारी स्थळं थांबली. शिरड शहापूरजवळ आमचं शेत आहे. तिथल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, पत्र्याच्या खोलीत ती शेळ्या-मेंढ्या सांभाळत राहायची. स्वतःच्या मर्जीनं गेली, असं आम्ही लोकांना सांगायचो. राधिकाचं ठरेपर्यंत तिचं नाव काढायचं नाही, असं आईनं बजावलं होतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची ऱ्हाती, बाबा."

मला लाज वाटली. तरी मी मान डोलावली.

पहिल्यांदा पाठवलं तेव्हा प्रत परत आली : बहिणी एक.

मी स्वतःला हसलो. वाटलं, रकाना सरकला असेल, भावाचा आकडा बहिणीच्या जागी गेला असेल. पण भाऊही जागच्या जागी एकच होता. पुन्हा पाठवलं. एक. सर्व्हरवर काय पोचलं ते उघडून पाहिलं. पोचलं होतं शून्य, आणि साठवलं गेलं होतं एक. मधे होत्या त्या प्रोग्रामच्या माझ्याच थोड्याशा ओळी. त्या काढून टाकल्या आणि बहिणींच्या जागी सरळ शून्य लिहून ठेवलं, काही का येईना. तरीही एक.

मग सगळा डेटा पुसला आणि एकट्या राधिकाचं स्थळ पाठवलं. लाइन मंद होती. प्रत वरून खाली पट्ट्या-पट्ट्यांनी उतरत होती. राधिकाच्या फोटोखाली आणखी एक फोटो उतरायला लागला. आधी आभाळ, मग पत्रा, मग मातकट लुगड्यातली एक पाठमोरी बाई. तो आमचा आखाडा होता.

अक्काचा एकही फोटो आमच्याकडं नव्हता. कोड उठल्यापासून तिला कुणी फोटोला उभंच केलं नव्हतं.

मी तो पुसला. पुढच्या वेळी ती अर्धी वळलेली होती. खिडकी बंद असून खोलीत ओल्या लोकरीचा वास भरला होता. मला वाटलं, माझ्याच मनाचे खेळ. तेवढ्यात खालचा झेरॉक्सवाला धर्मसिंग जिन्यात येऊन नाक मुरडत म्हणाला, "वैजनाथभाऊ, वर बकरी बांधली का तुमी?"

पाहुणे केंद्रात आले त्या दिवशी मी ठरवलं होतं, जुना प्रोग्राम तेवढा दाखवायचा आणि लाइन बंद आहे म्हणून सांगायचं. परमेश्वरची आई पारुबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. आई आणि राधिका माझ्या मागं उभ्या होत्या. परमेश्वर पुण्याहून फोनवर थांबला होता. पण उत्तमराव हौशी माणूस.

"काहून बसून राहिलास रे? पाठव की!" म्हणत त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

राधिकाचा फोटो आला. त्याखाली आभाळ उतरलं, पत्रा उतरला.

या वेळी ती आमच्याकडं तोंड करून उभी होती. पदर नाकापर्यंत ओढलेला, आणि पदर धरलेली बोटं पांढरी.

"आगं बया," पारुबाई पुढं वाकल्या. "ही तर आमच्या दारात येती की! दर बाजाराला. पानी मागती, वट्यावर बसती आन् राधिकाचंच सांगत ऱ्हाती. रांधती कशी, बोलती कशी. हिच्या सांगण्यावरच तर आमी तुमच्याकडं आलो."

शिरड शहापूरहून गोरेगावला जायचं तर हिंगोलीत जीप बदलावी लागते. अक्का आखाडा सोडून कुठंच जात नव्हती. आई रोज तिला भाकर नेऊन द्यायची.

पारुबाईंनी पडद्याजवळ डोळे नेले. त्यांचा आवाज बदलला.

"हाताला कोड हाय हिच्या. ही कोन तुमची?"

फोनमधून परमेश्वर विचारत होता, "काय झालं, माय?"

आई माझ्याकडं बघत होती. राधिका जमिनीकडं.

"कुणी नाही," मी म्हणालो. "प्रोग्रामची चूक आहे, मावशी. असं कुणी माणूसच नाही."

मी पुन्हा बटण दाबलं.

प्रत लगेच आली. बहिणी शून्य. फोटो एकच. चूकच असंल, म्हणत पारुबाई डोळे चोळून मागं टेकल्या.

परमेश्वरनं पान पाहिलं आणि हो म्हणाला. उत्तमरावांनी पेढे मागवले, माझी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटून घेतली. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुपारी पेढे घेऊन आखाड्यावर गेलो. अक्काला काय सांगावं, ते वाटभर जुळवत होतो. ती पत्र्याच्या सावलीत भिंतीला टेकून बसलेली दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला.

"जमलं का रं राधिकाचं?"

"जमलं."

"बरं झालं, लेकरा."

"अक्का, तू गोरेगावला गेली होतीस?"

"मी कुठं जाऊ रे?"

मला तिच्याकडं बघवेना. माफी मागायची होती. मी पेढ्यांचा पुडा पुढं केला. तिनं हात पुढं केला नाही.

कळपातलं एक करडू वास घेत आलं. त्यानं पाय दुमडले आणि अक्का अजून बसलेली होती नेमक्या त्याच जागी, ती रिकामी असल्यासारखं, भिंतीला पाठ लावून, निवांत बसलं.

अक्कानं त्याला हाकललं नाही. राधिकाला हळद कधी लागायची, ते ती तिथूनच विचारत राहिली.